कवी सिनेटर झाला, मग सभागृहात करायचा काय? (आयर्लंड, येट्स आणि एक कोंबडी)

लिफीकाठचा_बाब्या

गेल्या रविवारी इथे डब्लिनच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याकडून दोन युरोला एक पेनी घेतली. आकाराने आपल्या ढब्बू पैशाची आठवण व्हावी अशी. एका अंगाला हार्प हे तंतुवाद्य आणि १९२८ साल, दुसऱ्या अंगाला कोंबडी आणि तिची पिल्लं. एका पिल्लाचं डोकं झिजून सपाट झालंय, पण कोंबडी अजून तोऱ्यात उभी आहे. मी निरखून बघतोय म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, "ही कोंबडी एका सिनेटरने आणली, ठाऊक आहे का?"

सिनेटर म्हणजे डब्ल्यू. बी. येट्स. कवी येट्स, नोबेलवाला येट्स. तो सिनेटर होता एवढं मला माहीत होतं, पण आपल्याकडे कवीला आमदार करतात तसं शोभेला बसवलं असेल असंच समजत होतो. घरी येऊन सभागृहाच्या नोंदी उघडल्या. १९२२ पासूनचं प्रत्येक भाषण नेटवर फुकट आहे. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथल्या वरिष्ठ सभागृहाला आयरिशमध्ये शॅनड म्हणतात (लिहितात वेगळंच, त्या भानगडीत पडू नका). स्वतंत्र राज्य झाल्यावर डिसेंबर १९२२ मध्ये पहिलं सिनेट बसलं. ६० सदस्य, पैकी ३० नियुक्त. त्या तिसात येट्स. बाहेर यादवी युद्ध चालू होतं आणि सिनेटर होणं म्हणजे घर जळण्याची तयारी ठेवणं. बऱ्याच सिनेटरांची घरं खरंच जाळली गेली. येट्सचा मित्र ऑलिव्हर गोगार्टी, पेशाने डॉक्टर आणि हाही सिनेटर, जानेवारी १९२३ मध्ये बंदूकधाऱ्यांनी पळवून नेला. गड्याने भर थंडीत लिफी नदीत उडी टाकली आणि पोहत निसटला. वाचलो तर नदीला दोन हंस देईन असा नवस बोलला होता म्हणे, आणि पुढच्या वर्षी तो फेडलाही. येट्स त्या कार्यक्रमाला हजर होता. अशा दिवसांत ही मंडळी सभागृहात जाऊन विधेयकाचं कलम अमुक, उपकलम तमुक करत होती!

येट्सचं एकच भाषण सगळ्यांना ठाऊक असतं, ११ जून १९२५ चं, घटस्फोटावरचं. घटस्फोटाची वाट बंद करू नका, या कॅथलिकबहुल देशात आम्ही प्रॉटेस्टंट म्हणजे कुणी फालतू माणसं नव्हे, असा त्याचा सूर. गाजलं, खूप शिव्या मिळाल्या, उपयोग शून्य. १९३७ च्या घटनेने बंदीच घातली आणि ती उठायला १९९५ चं सार्वमत लागलं, तेही ९,११४ मतांच्या फरकाने.

मला त्या भाषणापेक्षा रोजची, आडवारची भाषणं जास्त आवडली. शाळाहजेरी सक्तीची करणारं विधेयक आलं तेव्हा गडी उठून म्हणतो की सक्ती कराल, पण त्या शाळा स्वच्छ आहेत का, हिवाळ्यात शेकोटी पेटते का, छप्पर कोण दुरुस्त करणार? नुसतं बोलून थांबला नाही. १९२६ मध्ये वॉटरफर्डला जाऊन ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली माँटेसरी पद्धतीची शाळा वर्गावर्गांतून फिरून पाहिली. त्या भेटीतूनच त्याची ती प्रसिद्ध कविता निघाली, जिच्यात तो स्वतःकडेच साठीचा हसरा सार्वजनिक माणूस म्हणून बघतो आणि पोरं त्याच्याकडे टकामका बघतात.

याशिवाय जुन्या आयरिश हस्तलिखितांचं संपादन, राष्ट्रीय संग्रहालय, चित्रपटांची सेन्सॉरशिप, लेखकांचा स्वामित्वहक्क यांवरही बोलला. आणि नाणी.

१९२६ मध्ये नाण्यांचं विधेयक आलं. बाकीचे चांदी किती, निकेल किती यात गुंतलेले, तर येट्स म्हणाला की नाणी आणि टपालतिकिटं म्हणजे देशाच्या अभिरुचीचे मुके राजदूत, त्यांचं चित्र कुणा बाबूच्या हातात देऊ नका. अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइदने समिती नेमली आणि अध्यक्ष केलं त्यालाच. समितीने ठरवलं की पुढारी नकोत, संत नकोत, घ्या रानातले-गोठ्यातले प्राणी. घोडा, सामन मासा, बैल, वुल्फहाउंड कुत्रा, ससा, कोंबडी, डुकरीण आणि वुडकॉक पक्षी. देशोदेशीच्या शिल्पकारांकडून नमुने मागवले आणि शेवटी पर्सी मेटकाफ या इंग्रजाचे निवडले. (इंग्रजांपासून स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झालेली, हे लक्षात घ्या!) कृषी खात्याच्या तज्ज्ञांनी डुकरिणीच्या बांध्यावर आक्षेप घेतला की बाजारात चालणारी जात अशी दिसत नाही. मेटकाफला डुक्कर बदलावं लागलं. येट्सने त्यावर खवचटपणे लिहून ठेवलंय की पहिलं चित्र जास्त चांगलं होतं, पण बाजारभावापुढे इलाज नव्हता.

सामन मासा तर युरो येईपर्यंत दहा पेन्सच्या नाण्यावर पोहत होता. भाषणाने काही झालं नाही, कोंबडी मात्र चार-पाच दशकं लोकांच्या खिशात फिरली. तर जाणकारांनी लिहा: साहित्यिक, कलावंत वरिष्ठ सभागृहात जाऊन खरंच काही करतात का?

---

चिंचपोकळीकर

भारी धागा. पण आपल्या वराडकरांबद्दल एक ओळ नाही? निषेध!

---

लिफीकाठचा_बाब्या

चिंचपोकळीकर, वाटच बघत होतो पहिला कोण लिहितो याची. लिओ वराडकर कनिष्ठ सभागृहात, म्हणजे डॉलमध्ये होते. सिनेटर कधीच नव्हते. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, स्वतः दोनदा पंतप्रधान, हे सगळं खरं. पण धाग्याशी संबंध एवढाच की इथे पंतप्रधान अकरा सिनेटर नेमतो. इथून पुढे वराडकरांवर येणारे प्रतिसाद मी मालवणी मसाल्याच्या धाग्यावर हलवणार.

---

खडूस_म्हातारा

बाब्या, तुझा येट्स फार गोड करून वाढलास. जरा कडू बाजू पण वाढ.

त्याच यादवीत सरकारने सत्तरहून अधिक कैद्यांना गोळ्या घातल्या. हा सरकारी बाजूने बसलेला. पुढे तिशीच्या दशकात आयर्लंडच्या निळ्या शर्टवाल्या फॅसिस्ट छापाच्या संघटनेसाठी संचलनगीतं लिहिली, मुसोलिनीचं कौतुक केलं. आणि सभागृहातलं शेवटचं भाषण वाचलंस का? जुलै १९२८. तीनच वाक्यं आहेत. सारांश असा की सभागृहात प्रातिनिधिक माणसं येण्यापेक्षा कर्तबगार माणसं येणं जास्त महत्त्वाचं.

कर्तबगार कोण हे ठरवणार कोण? स्वतः ज्याला कुणी एक मत दिलेलं नाही, तो सांगतो की मतांपेक्षा अक्कल महत्त्वाची. वर्षाला ३६० पौंड मानधन घेऊन. मला तरी ही नियुक्त मंडळी म्हणजे लग्नातल्या अत्तरदाणीसारखी वाटतात. वास चांगला येतो, पोट भरत नाही.

---

लिफीकाठचा_बाब्या

म्हातारबा, निळे शर्ट मान्य, मुसोलिनी मान्य. शेवटचं भाषण वाचलंय आणि तेच डोक्यात अडकलंय. मी त्याला लोकशाहीवादी म्हणत नाहीये. नाणं, शाळा आणि हस्तलिखितं यांसाठी एक माणूस उठून बोलला, जो निवडणुकीला उभा राहिला असता तर डिपॉझिट घालवून बसला असता, एवढंच माझं म्हणणं.

---

पळसखेडची_वाट

अत्तरदाणीची उपमा जोरदार आहे, पण महाराष्ट्रापुरती मान्य नाही.

गदिमा १९६२ मध्ये विधान परिषदेवर गेले, ना. धों. महानोर १९७८ मध्ये. महानोरांना पळसखेडच्या शेतात बघितलेली माणसं आमच्याकडे अजून आहेत. ते परिषदेत बोलायचे पाण्यावर, फळबागांवर, कोरडवाहू शेतीवर. 'कवी महोदय, एखादी कविता होऊन जाऊ द्या' अशा फर्माइशी कवीला कुठेही होतात, सभागृह त्याला अपवाद नसावं. पण ज्याने स्वतः विहीर खणलीय त्याला जलसंधारणावर बोलताना मंत्र्याच्या टिपणाची गरज पडत नाही. कर्तबगार विरुद्ध प्रातिनिधिक हा झगडाच मला खोटा वाटतो. महानोर दोन्ही होते.

घटनेच्या १७१ व्या कलमात राज्यपालनियुक्त बारा जणांसाठी साहित्य, शास्त्र, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा असं स्पष्ट लिहिलंय. त्यातलं 'समाजसेवा' हे दार फारच रुंद निघालं. पडलेला उमेदवार असो, नाराज गटाचा माणूस असो, सगळे समाजसेवक. २०२० मधली बारा नावांची यादी तर राजभवनात पडूनच राहिली. तिच्यावर होय नाही की नाही नाही.

---

पंत

बाब्या, छान लिहिलंस. एक जोड देतो. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी बारा जण नेमायची कल्पना आपण घेतली ती आयर्लंडच्याच घटनेवरून. मार्गदर्शक तत्त्वंही तिथलीच. आणि मोजणीची पसंतीक्रमाची पद्धत दोघांची सारखी, फक्त आपल्याकडे एका मताचं मूल्य १०० धरतात आणि शॅनडच्या मोजणीत १०००. हे एवढ्यासाठी सांगतो की विधान परिषदेचे निकाल पहाटेपर्यंत का लागत नाहीत, असं दर वेळी कुणीतरी विचारतं.

दुसरं, आज जे शॅनड आहे ते येट्सचं नव्हे. येट्सवालं तेव्हाचा सरकारप्रमुख डी व्हॅलेराने १९३६ मध्ये बरखास्त केलं, कारण ते त्याची विधेयकं अडवत होतं. पुढच्याच वर्षी स्वतःच्या घटनेत नवीन आणलं, पण दात काढून. साधं विधेयक फार तर ९० दिवस लांबवता येतं, अर्थविधेयकावर २१ दिवसांत शिफारशी करायच्या, संपलं.

साठातले ४३ पाच व्यावसायिक गटांतून येतात: शेती, कामगार, उद्योग, प्रशासन, संस्कृती-शिक्षण. कागदावर हे मोठं भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मतदार कोण? नगरसेवक, खासदार आणि मावळते सिनेटर. म्हणजे आपला स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघच की!

---

अनुराधा_कॉर्क

पंतकाका, अगदी! आमच्या शेजारी एक काउंटी कौन्सिलर राहतात. शॅनडची निवडणूक जवळ आली की त्यांच्या दारात रोज वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या. उमेदवार अख्खा देश गाडीने पालथा घालतात, प्रत्येक नगरसेवकाच्या स्वयंपाकघरात बसून चहा पितात. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "या महिन्यात चौदा जणांना फ्रूटकेक खाऊ घातला आणि चौदाही जणांना यांनी पहिल्या पसंतीचं वचन दिलं." आपल्याकडे मतदारांना रिसॉर्टवर नेतात, इथे उमेदवारच दारात येतो.

आता खडूस काकांसाठी. बिनदाताच्या नाही, दात असलेल्या सिनेटची एक गोष्ट. येट्सच्याच वेळची, पण येट्सची नाही.

१९२५ च्या शेवटी सरकारने एक साधंसं दिसणारं विधेयक आणलं, सरकारी नोकरभरतीच्या नियमांत दुरुस्ती करणारं. आत मेख अशी की काही परीक्षा फक्त पुरुषांसाठी ठेवायची मुभा. वरच्या जागांची दारं बायकांना बंद. तेव्हा सिनेटमध्ये मोजून चार बायका. त्यातल्या जेनी वाइझ पॉवर आणि आयलीन कॉस्टेलो उभ्या राहिल्या. वाइझ पॉवर म्हणजे जिच्या हेन्री स्ट्रीटवरच्या हॉटेलात ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या असं सांगतात, ती बाई. ज्या स्वातंत्र्यासाठी आम्ही राबलो त्यात आमच्या पोरींना परीक्षेलाही बसता येणार नाही का, असा तिचा रोख. सिनेटने विधेयक फेटाळलं! कायदा शेवटी १९२६ मध्ये झालाच, पण मध्ये महिनोन् महिने अडला.

हे भाषण कुणाच्या पाठ्यपुस्तकात नाही. मी एका वाचनालयातल्या व्याख्यानात ऐकलं. मला विचाराल तर येट्सच्या घटस्फोटाच्या भाषणापेक्षा हे दहा पट भारी.

---

खडूस_म्हातारा

अनुराधा, हे माहीत नव्हतं. एक अत्तरदाणी मागे घेतो.

---

बाकावरून

मी वर्षभर डब्लिनमध्ये होतो, तेव्हा एकदा लेन्स्टर हाउसच्या, म्हणजे तिथल्या संसदभवनाच्या गॅलरीत बसलोय. ओळखीच्या कार्यकर्त्याने आत जायची सोय केली होती. शॅनड बसतं ती खोली म्हणजे कुणा ड्यूकच्या वाड्यातला जुना दिवाणखाना. वर नक्षीचं पांढरंशुभ्र छत, खाली साठ खुर्च्या, त्यातल्या पंचेचाळीस रिकाम्या.

सुरुवातीला एकेक सदस्य आधी नोटीस दिलेला विषय मांडतो. कुणाच्या गावात शाळेला खोली कमी, कुणाकडे बस येत नाही. मग राज्यमंत्री छापील कागद वाचतो. तो कागद संबंधित खात्याच्या मंत्र्याने पाठवलेला, वाचणारा भलत्याच खात्याचा! त्यामुळे प्रतिप्रश्न आला की 'मी हे माझ्या सहकाऱ्यांपर्यंत पोचवतो'. नंतर कामकाज ठरवायच्या नावाखाली प्रत्येक जण दोन-दोन मिनिटं मनात येईल त्यावर बोलून घेतो. गावच्या हर्लिंग (आयरिश मैदानी खेळ) संघाचं अभिनंदन, वारलेल्या मुख्याध्यापकांना श्रद्धांजली, गाझा, लगेच पुढे गटार. सभापती घंटी वाजवत राहतात.

मला कंटाळा आला असं वाटेल, पण उलट. मुख्याध्यापकांवर बोलणाऱ्या बाईंचा आवाज मध्येच बसला, त्यांनी कागद घडी घालून ठेवला आणि उरलेलं तोंडी सांगितलं. अख्खं सभागृह, म्हणजे ते पंधरा जण, एकदम गप्प. त्या दिवशी देशाचं काही भलं झालं असेल-नसेल, त्या गावच्या लोकांनी मात्र घरी बसून ते दहा वेळा लावलं असणार.

---

पंत

'बाकावरून', हे वर्णन आवडलं. २०१३ मध्ये हे सभागृह बंदच करायचं ठरलं होतं. सरकारचा प्रचार असा की वर्षाला दोन कोटी युरो वाचतील आणि पुढारी कमी होतील. पुढारी कमी होणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण लोक नाही म्हणाले. ४ ऑक्टोबरला ५१.७ टक्क्यांनी शॅनड वाचलं. मतदान जेमतेम ३९ टक्के.

आणि विद्यापीठांच्या जागा विसरू नका. सहा जागा, २०२५ च्या निवडणुकीपर्यंत तीन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या, तीन राष्ट्रीय विद्यापीठाच्या. आपल्या पदवीधर मतदारसंघाची थोरली बहीण. बाकी संस्थांच्या पदवीधरांनाही मत द्या अशी मुभा देणारी घटनादुरुस्ती १९७९ मध्ये झाली, पण कायदा कुणी केलाच नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान धरला, तेव्हा २०२४ मध्ये कायदा आला.

याच ट्रिनिटीच्या जागांवरून मेरी रॉबिन्सन आल्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या. १९७१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं विधेयक आणलं तर ते साधं मांडूही दिलं नाही. डेव्हिड नॉरिसही तिथूनच, १९८७ ते २०२४. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध हा माणूस स्वतः कोर्टात गेला. इथल्या सर्वोच्च न्यायालयात १९८३ मध्ये तीन विरुद्ध दोन असा हरला, स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात १९८८ मध्ये जिंकला. वकील? याच रॉबिन्सन. १९९३ मध्ये तो कायदा रद्द करायचं विधेयक शॅनडमध्ये आलं तेव्हा नॉरिस आपल्या बाकावर बसून त्यावर बोलला. ज्या कायद्याने आपण गुन्हेगार, त्याचीच चिरफाड करायला नियमाप्रमाणे सभापतींकडे वेळ मागायचा!

---

बडनेरा_लोकल

एवढा वेळ गप वाचत होतो, पण आता राहवत नाही. येट्सचा विषय निघाला आणि बडनेऱ्याचं नाव नाही म्हणजे काय राजेहो?

श्री पुरोहित स्वामी. शंकर गजानन पुरोहित, जन्म १८८२, आमच्या बडनेऱ्याचा. हा माणूस १९३० च्या सुमारास इंग्लंडात गेला आणि त्याची न् येट्सची गट्टी जमली. दोघांनी मायोर्का बेटावर मुक्काम ठोकून दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, १९३७ मध्ये छापून आलं. अमरावतीत दहा लोकांना विचारा, नऊ जणांना हे माहीत नसणार. दहावा मी.

---

लिफीकाठचा_बाब्या

बडनेरा_लोकल, दंडवत! वराडकरांपेक्षा जुना दुवा निघाला. मात्र तोवर येट्स सिनेटमधून बाहेर पडून सात-आठ वर्षं झाली होती.

आयरिश भाषेचं एक राहिलं. १९२३ मध्ये सभागृहाची प्रार्थना आयरिशमध्ये म्हणायचा विषय निघाला तेव्हा येट्सने कडक निषेध केला. भाषा येत नसताना येते असं दाखवणं म्हणजे नाटकीपणा, असं त्याचं म्हणणं. नाटकवाल्या माणसाने हे म्हणावं यातही गंमत आहे. पण त्याच माणसाने समितीचा अध्यक्ष म्हणून आयरिश हस्तलिखितांसाठी आणि जुन्या आयरिशच्या शब्दकोशासाठी सरकारकडे पैसे मागितले. दुकानाच्या पाटीवर भांडणारे आणि शब्दकोशाला पैसे मागणारे यांची संख्या आपल्याकडे मोजायला घेतली तर मी दुसऱ्या रांगेत उभा राहीन. तिथे जागा भरपूर असेल.

---

पळसखेडची_वाट

पाटीपण लागते, बाब्या. पाटी नसेल तर शब्दकोश विकायचा कुठे?

---

लिफीकाठचा_बाब्या

मान्य. अर्धं मान्य.

---

चिंचपोकळीकर

ती कोंबडीवाली पेनी अजून मिळते का त्या म्हाताऱ्याकडे? माझ्या मुलीला नाण्यांचा नाद आहे. डुकरीण असली तर तीपण बघ. बदललेली चालेल.

---

लिफीकाठचा_बाब्या

डुकरीण अर्ध्या पेनीवर आहे, पिल्लांसकट. येत्या रविवारी विचारतो. दिवाळीला येतोय, दादरला भेटून देईन. ससा मिळाला तर तो माझा.